चुलीची किंमत सांगणारी

झुराकान, आम्ही सगळे तिला एजे म्हणजे ताई म्हणायचो, कुणाच्या घरी नव्या चुलीची किंमत सांगायला आली की आधी चहाला हात लावत नसे. आधी शिडी मागायची. साठी उलटलेली बाई, गुडघ्यांची सतत बोंब, पण घागरा खोचून माळ्यावर चढायची, तिथल्या अंधारात धुराड्याला हात लावत बसायची आणि उतरायची तेव्हा डोक्याच्या रुमालाला जळमटं लागलेली असायची. मग हात धुवायची, नानचा तुकडा मोडायची आणि आकडा सांगायची. एकच आकडा. त्याच्यावर घासाघीस नाही.

आमच्या गावात उस्ता, म्हणजे चुली बांधणारा गवंडी, स्वतःच्या तोंडाने मजुरी सांगत नाही. विचारलं तर म्हणतो, "तुम्हाला कळतं ते द्या." या एका वाक्याने गावात जेवढी भांडणं लावली तेवढी दारूनेही लावली नसतील! कमी दिलं तर तो गावभर तोंड वाकडं करून फिरणार, जास्त दिलं तर घरातले आपलं डोकं खाणार. म्हणून पंच लागतो. पंचाने आकडा सांगायचा, उस्ताने म्हणायचं "राजी", घरवाल्याने म्हणायचं "राजी", विषय संपला. एकदा राजी म्हटलं की तोंड शिवलं. मग चूल धुरावू दे नाहीतर भिंत तडकू दे, ब्र काढायचा नाही.

हे पंचपण झुराकानला कुणी दिलं नव्हतं. ते तिच्या गळ्यात पडलं. खिंडीपलीकडून ती सून होऊन आली, केरिमकुल उस्ताच्या धाकट्या भावाची बायको. दोघे भाऊ चुली बांधायचे, ही गारा तुडवायची. अंगाने काटकुळी, म्हणून माळ्यावरचं कामही हिच्याच वाट्याला. धुराडं जिथे छतातून वर जातं तिथे त्याला विटांचा जाड गळा बांधावा लागतो, नाहीतर धुराची धग तुळईला लागते आणि लाकूड आतल्या आत भाजत राहतं. तो गळा झुराकानच्या हातचा. मग एका वर्षी गवतकापणीच्या दिवसांत नवरा शेतात छातीवर हात ठेवून बसला तो उठलाच नाही. विधवा भावजयीने थोरल्या दिराबरोबर घरोघर कामाला जाणं बरं दिसत नाही, म्हणून ते काम सुटलं आणि ती शाळेच्या फरश्या पुसायला लागली. पण कुठे नवी चूल झाली की ही न बोलावता शिडी लावायची आणि गळा चाचपून यायची. लोक म्हणाले, आलीच आहेस तर किंमतही सांग. मोबदला म्हणाल तर चहा आणि नान, आणि वर दोन्हीकडच्या शिव्या.

"थकले गं बुरुल," मला म्हणायची. "दोन्हीकडचे चिडले की समजते, आकडा बरोबर आला."

थोरल्या दिराशी ती कधी सरळ बोलली नाही. नाव तर सोडाच. आमच्याकडे सून सासरच्या मोठ्यांचं नाव मरेपर्यंत घेत नाही, पण हिने हद्द केली होती. वरच्या आळीत एक केरिम राहतो, त्यालाही ही "तो ट्रॅक्टरवाला" म्हणायची. दिराला काही सांगायचं असलं तर तिसऱ्या माणसाकडे बघायचं आणि म्हणायचं, "थोरल्यांना सांगा, चहा निवतोय." थोरले तिथेच हातभर अंतरावर बसलेले असायचे.

आता आमच्या घरचं सांगते.

माझा नातू एर्निस उन्हाळ्याच्या अखेरीला झाला. मुलगा मॉस्कोला बांधकामावर, घरात मी आणि सून मीरगुल. घरातली जुनी चूल मधोमध चिरलेली, फटीतून धूर खोलीत यायचा. आम्ही मोठी माणसं खोकत खोकत हिवाळे काढत होतो, पण पाळण्यातल्या जिवाला तो धूर कसा चालणार? मुलगा फोनवर ओरडायचा, "आई, काराकोल शहरातून माणूस बोलव, पोलादी चूल बसव." बोलव म्हणायला त्याचं काय जातं! त्याने पाठवलेले पैसे छपरात गेले होते.

तरी बोलावला. व्हिक्टर नावाचा माणूस आला, मापं घेतली, माळ्यावर जाऊन आला आणि खर्च सांगितला. एक दुभती गाय आणि वर दोन मेंढ्या, एवढा तो आकडा. त्यातही चुलीचा हिस्सा थोडा, धुराच्या नळाचाच जास्त.

"चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!" मी म्हटलं. "धूर बाहेर जायला सोन्याचा नळ लागतो का रे बाबा?"

"काकू, चूल तुम्ही बाजारातून कुठलीही आणा," तो म्हणाला. "नळ मात्र मीच घालणार, आणि त्यातला एक सोम कमी होणार नाही."

मी तडक झुराकानकडे गेले. ती गोठ्यात शेण काढत होती. म्हटलं, "एजे, ही लूट आहे की नाही ते सांग."

तिने फावडं भिंतीला टेकवलं, सगळं नीट विचारून घेतलं. नळ दुहेरी पत्र्याचा आहे का, मधे दगडी लोकर आहे का, छपराच्या भोकाला पत्रा कोण लावणार, वर्षाने तपासायला येणार का. बोटांवर काहीबाही मोजलं आणि म्हणाली, "महाग आहे. लूट नाही. मजुरी थोडी चढी लावलीय, बाकी लागतं ते लागतंच."

"म्हणजे बोलवू त्याला?"

"गाय तुझी, बाई. मी काय सांगू."

मी फणफणत घरी आले. आणि दुसऱ्याच दिवशी केरिमकुल उस्ता काठी टेकत दारात उभा. ऐंशीच्या घरातला म्हातारा, एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला.

"बुरुल, ऐकलं काराकोलचा कुणी आला होता. मी मेलो असं कुणी सांगितलं का तुला?"

पांढऱ्या दाढीच्या माणसाला दारातून परत पाठवायची आमच्यात कुणाची छाती नाही. अलीकडे त्याच्या चुली धुरावतात हे तीन घरांना ठाऊक होतं, आणि तिन्ही घरं राजी म्हणून गप्प बसली होती. आणि खोटं कशाला बोलू, मला माझी गायही वाचवायची होती. मी म्हटलं, "या उस्ता, घर तुमचंच आहे."

त्याने चूल बांधली. विटा मी दिल्या, गारा मी तुडवला. हात थरथरायचे, पण वीट हातात आली की थांबायचे, हे मी पाहिलंय. छपरावरचं जुनं धुराडं शाबूत होतं, त्याला खालून नवं जोडायचं होतं. माळ्यावर तो चढला नाही. गुडघे वाकत नव्हते. टेबलावर उभा राहिला, छताच्या भोकातून हात वर घातला आणि चाचपत चाचपत विटा लावल्या. मी विचारलं, "उस्ता, वर जायला नको?" तर म्हणाला, "माझ्या हातांना डोळे आहेत." मी खालून पुढची वीट दिली. चूल सुकेपर्यंत रोज काटक्यांचा बारीक जाळ केला. चूल छान ओढत होती, खोलीत धुराचा कण नाही. मीरगुलने पाळणा भिंतीला लावला आणि मी गायीच्या पाठीवरून हात फिरवून आले.

मग किमतीचा दिवस आला. मी मांस शिजवलं, कणकेचे बोरसोक तळले. उस्ता दारासमोरच्या मानाच्या जागी बसला, अंगात स्वच्छ शर्ट, डोक्यावर पांढरी टोपी. झुराकान आली, दिराला लवून नमस्कार केला आणि मला म्हणाली, "शिडी."

या वेळी ती वर फार वेळ होती. आम्ही खाली तिची सरपटण्याची खरखर ऐकत होतो. एकदा वाटलं, विटेवर काहीतरी ठोकतेय. मग बराच वेळ काहीच आवाज नाही. मांस निवायला लागलं. उस्ता हसून म्हणाला, "झोपली की काय वर?"

ती खाली उतरली तेव्हा हात धुवायला गेलीच नाही. दारापाशीच उभी राहिली.

"बोला पंच," उस्ता भिंतीकडे बघत म्हणाला. "किती?"

झुराकान माझ्याकडे वळली. "बुरुल, थोरल्यांना सांग, गळा तुळईपाशी नाही. वर चढलाय. तुळईपाशी अर्धीच वीट आहे."

मी ऐकलं. नीट ऐकलं. पण माझ्या घरात, माझ्या चटईवर बसलेल्या, माझं मीठ खाणाऱ्या म्हाताऱ्याला हे मी कसं सांगू?

"काय म्हणते ती?" उस्ताने कानाला हात लावला.

"काही नाही उस्ता," मी म्हटलं. "चहा घ्या ना, गरम आहे."

"बुरुल!" झुराकान म्हणाली.

"अगं, बस तरी आधी," मी कुजबुजले. "नंतर बघू. आकडा सांग आणि मोकळी हो, गळ्याचं मागाहून कुणाकडून तरी करून घेईन."

"राजी म्हटल्यावर कोण हात लावणार याला? तू लावशील?"

ती खरं बोलत होती. उस्ताची चूल उस्ता जिवंत असताना गावातला दुसरा कुणी उघडत नाही. आणि व्हिक्टरला बोलावलं तर गाव आमच्या दारावर थुंकलं असतं. मीरगुल कोपऱ्यात बाळाला पाजत होती. तिला सगळं कळलं होतं, पण सून बिचारी बोलणार काय? बाळाला छातीशी धरून ती झुराकानकडे बघत राहिली. डोळे भरून आले होते तिचे.

झुराकानने रुमाल सारखा केला. मग ती दिराकडे वळली, तोंडासमोर तोंड, जसं ती उभ्या जन्मात कधी उभी राहिली नव्हती.

"केरिमकुल," ती म्हणाली.

मी पटकन दाराकडे बघितलं, बाहेर कुणी ऐकलं तर नाही.

"केरिमकुल, धूर आणि तुळई यांच्यामध्ये अर्धी वीट आहे. दीड पाहिजे. घर पेटेल. ही चूल पाडायची. किंमत नाही."

उस्ताने चहाचा वाडगा खाली ठेवला. मग काठीवर भार देऊन उठला. नानला हात लावला नाही, आशीर्वादाला हात उचलले नाहीत. दाराशी येऊन मऊ बुटांवरून घालायचे रबरी जोडे पायांनी चाचपडायला लागला, त्याला दिसत नव्हते. झुराकान वाकली आणि जोडे उचलून त्याच्या पायांपुढे नीट ठेवले. तो ते ओलांडून तसाच नुसत्या मऊ बुटांनी चिखलातून चालत गेला.

मी झुराकानवर ओरडले. काय काय बोलले ते आता आठवून लाज वाटते. "आधी का नाही सांगितलंस, सगळं बांधून झाल्यावर तुला सुचलं?"

"बांधायच्या आधी मी काय बघणार होते, बुरुल?" ती म्हणाली. "माळ्यावर चढलेच नाहीत ते? मला वाटलं तू कुणाला तरी वर पाठवलं असशील." आणि हात न धुताच निघून गेली.

गाय विकली. दोन मेंढ्याही. व्हिक्टर येऊन धुराडं पाडायला लागला तेव्हा मी स्वतः शिडीवर उभी होते. तुळई उघडी पडली. मी बॅटरीच्या उजेडात खालून वरून पाहिली. स्वच्छ. एक डाग नाही, पिवळं धमक लाकूड. मला रडूच कोसळलं. "अरे, हिला तर काहीच झालेलं नाही! माझी गाय गेली रे!"

व्हिक्टरने पट्टी लावून वीट मोजली. "पाडायला कुणी सांगितलं?"

"आहे एक बाई."

"उपकार मानायला पाहिजेत तिचे. काटक्यांच्या जाळाने काय होतंय? कडक थंडीत रात्रंदिवस धगधगली असती मग कळलं असतं."

"किती दिवस टिकलं असतं?"

"एक हिवाळा, दोन हिवाळे. कोण सांगणार? पेटल्याशिवाय कळत नाही, आणि पेटल्यावर सांगायला कुणी उरत नाही." तो पुढच्या विटेला लागला.

गावात मात्र झुराकानचं जगणं मुश्किल झालं. दिराचं नाव घेणारी! तेही परक्याच्या घरात, भरल्या ताटावर! मोठ्या जावेने, साबिराने, निरोप पाठवला की आमच्या उंबऱ्याला पाय लावू नकोस. शाळेतल्या बायका तिच्याशी बोलेनात. किंमत सांगायला तिला कुणी बोलावेना. एक दिवस मी दुकानात मीठ घ्यायला गेले, तिथे ट्रॅक्टरवाल्याची बायको हात नाचवत विचारतेय, "काय गं बुरुल, ऐकलं तुमची तुळई अगदी कोरी करकरीत निघाली? मग म्हाताऱ्याची अब्रू कशाला घेतली त्या सटवीने?"

माझं टाळकं सरकलं. "कोरी?" मी म्हटलं. "काळी ठिक्कर होती! कोळसा झाला होता त्या बाजूला. आठ दिवस उशीर झाला असता तर माझा नातू राख झाला असता, कळलं?"

मी ताठ मानेने मीठ घेऊन घरी आले. वाटलं, आज मी झुराकानचं काहीतरी फेडलं.

चार दिवसांत ती माझ्या दारात. आत यायला तयार नाही, फाटकाशीच उभी. डोळ्यांखाली काळं, चेहरा ओढलेला.

"दुकानात तू काय बोललीस?"

"तुझ्यासाठी बोलले. सगळ्या सटव्यांची तोंडं बंद केली की नाही?"

"थोरले जेवत नाहीत," ती म्हणाली. "भिंतीकडे तोंड करून पडलेत. म्हणतात, मी पोराला जाळणार होतो. साबिराने चहा दिला, तोही ढकलून दिला. शेजारीण सांगून गेली मला."

मी फाटकाला हात टेकला.

"जा आणि सांग, तुळई कोरी होती म्हणून."

"आणि तुझं काय गं? लोक म्हणतील, झुराकान खोटी पडली. व्हिक्टरने मोजलंय, अर्धी वीट! तू बरोबर होतीस!"

"मला माहीत आहे मी बरोबर होते," ती म्हणाली. आवाजात नुसता थकवा होता. "पोर वाचलं. माझं काम झालं. आता आणखी कुणाकुणाला सिद्ध करत बसू? नाव घ्यायचं नव्हतं ते मी घेऊन बसले, ते पाप काही पुसलं जात नाही. निदान म्हातारा खाऊन-पिऊन जगू दे."

"मी नाही जाणार. हा अन्याय आहे."

"असू दे अन्याय. जा गं बाई. मला उंबरा बंद आहे, नाहीतर मीच गेले असते."

मी गेले. साबिराने या म्हटलं नाही, पण अडवलंही नाही. उस्ता भिंतीकडे तोंड करून गोधडीखाली एवढासा झाला होता. मी जमिनीवर बसले आणि म्हटलं, "उस्ता, दुकानात मी खोटं बोलले. रागाच्या भरात बोलले. तुळई कोरी होती. मी शिडीवर उभी राहून बघितली, एक डाग नव्हता."

तो हलला नाही. "शपथ?"

"एर्निसची शपथ."

तेव्हा तो कुशीवर वळला. पांढरट झालेला डोळा आणि दुसरा, दोन्ही माझ्यावर रोखले.

"म्हणजे ती चुकली?"

इथपर्यंत मी खरं बोलत होते. व्हिक्टरची मोजायची पट्टी माझ्या डोळ्यांसमोर होती, तिच्यावरचा त्याचा अंगठा होता. मी साबिराकडे बघितलं. तिने रुमालाचं टोक तोंडाला लावलं होतं.

"हो उस्ता," मी म्हटलं. "चुकली ती."

त्याने एक लांब श्वास सोडला. साबिराला खूण केली, तिने पाठीशी उशी दिली आणि त्याला टेकून बसवलं. थोड्या वेळाने म्हणाला, "माळ्यावर अंधार असतो. नीट दिसलं नसेल तिला. वय झालं आता तिचं." मग साबिराकडे वळून म्हणाला, "तिला कुणी बोलू नका. येऊ दे घरी. बिचारीला आहेच कोण?" आणि रस्सा मागितला.

मी परत येताना झुराकानच्या अंगणाशी थांबले. ती लाकडं फोडत होती. मला बघून कुऱ्हाड ओंडक्यावर तशीच राहू दिली.

"सांगितलंस?"

मी सगळं सांगितलं. वय झालं म्हणाला तेही सांगितलं, बिचारी म्हणाला तेही. तिने सगळं ऐकून घेतलं, हाताला चिकटलेली ढलपी काढली.

"जेवले का?" तिने विचारलं.

"वाडगाभर रस्सा घेतला. वर नान मागितला."

"मग झालं तर," ती म्हणाली आणि पुढचा ओंडका उभा केला.